स्वच्छता राखावी

पाचव्या खेपेला ती आली तेव्हा मी फाइलमधले आधीचे चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले. चौदा महिन्यांत चार वेळा जवळजवळ तीच तक्रार: अंगावरून पातळ पांढरं जातं, आणि दुसऱ्या खेपेपासून संबंधानंतर आणि पाळीनंतर माशासारखा वास येतो. चारही वेळा निदान बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं, चारही वेळा मेट्रोनिडॅझोल हे जिवाणूनाशक ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. निदान बरोबर होतं, औषधही बरोबर होतं. प्रत्येक कागदाच्या तळाशी छापलेली एक ओळ मात्र इतकी वर्षं माझ्या नजरेतून सुटली होती: ‘जननेंद्रियांची स्वच्छता राखावी.’

हा आजार उलटतोच. उपचारानंतर वर्षभरात अर्ध्याहून अधिक जणींना तो पुन्हा होतो. म्हणून पुन्हा आलेल्या बाईचं आम्हाला नवल वाटत नाही, आणि नवल वाटत नाही म्हणून विचारायचं राहून जातं.

तपासणीला घेतलं. स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायचं साधन, नुसत्या कोमट पाण्याने ओला केला, कारण जेल लावलं की पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा, बिघडतो; आम्ल जितकं जास्त तितका तो कमी. पीएच मोजायची पट्टी योनीमार्गाच्या बाजूच्या भिंतीला टेकवायची. गर्भाशयमुखाचा चिकट स्राव मुळात आम्लधर्मी नसतो, तो पट्टीला लागला तर आकडा खोटाच चढतो. रक्त किंवा आदल्या रात्रीचं वीर्य असेल तरी तेच होतं. आकडा ४.५ च्या आत हवा होता, ५.५ आला. स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकताच तोच माशासारखा वास आला. दुसऱ्या काचपट्टीवर सलाइनचा थेंब, वर कव्हरस्लिप, आणि सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या भिंगाखाली. निरोगी पेशीची कड कातरल्यासारखी स्वच्छ असते. इथे पेशींवर बारीक वाळू थापावी तसे जिवाणू चिकटले होते आणि कडा हरवल्या होत्या. यांना क्लू सेल म्हणतात. पाच पेशींत एकीहून जास्त अशा दिसल्या तरी निकष पुरा होतो, इथे निम्म्याहून अधिक होत्या. लांब काडीसारखे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे योनीतले हितकर जिवाणू, शोधून शोधून दोन-तीन सापडले.

संशोधक ॲम्सेल यांचे निदानाचे हे चार निकष १९८३ पासून आहेत: पातळ एकसारखा स्राव, चढलेला पीएच, वास आणि क्लू सेल. चारातले तीन जुळले की निदान पक्कं. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. बुरशीच्या संसर्गात पीएच बहुधा चढत नाही, त्यामुळे नुसत्या पट्टीनेही बराच उलगडा होतो. तरी ‘पांढरं जातं’ हे शब्द ऐकले की काच न बघता बुरशीचं आणि जिवाणूंचं औषध एकत्र लिहून मोकळं व्हायचं, ही सवय चांगल्या चांगल्या डॉक्टरांना आहे. मला त्याचा राग येतो.

त्या दिवशी मला थांबवलं ते बाहेरच्या त्वचेने. भगोष्ठ, म्हणजे योनीमुखाबाहेरच्या घड्या, लाल, कोरडे, ताणल्यासारखे चकचकीत, आणि घडीत केसाएवढ्या बारीक चिरा. नुसत्या व्हजायनोसिसमध्ये त्वचा अशी होत नाही. मग विचारलं, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिथे काय काय लावता, ते क्रमाने सांगा.’ हा प्रश्न असाच विचारावा लागतो. ‘धुता ना?’ म्हटलं की ‘हो’ एवढंच उत्तर येतं.

तिने सांगितलं. अंघोळीच्या वेळी इंटिमेट वॉश, बोट घालून आतपर्यंत. लघवीनंतर दर वेळी हँडशॉवरचा फवारा, तोही आत. रात्री मगभर पाण्यात टोपणभर अँटिसेप्टिक. पाळी संपली की दोन दिवस हे सगळं दुप्पट. ‘पहिल्यांदा तुमच्याकडे आले तोवर मी फक्त बाहेरून धुवायचे, मॅडम. तुमच्या कागदावर लिहिलं होतं, म्हणून नीट करायला लागले.’

वास येतो म्हणून ती धूत होती, आणि धुण्याने वास परत येत होता. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. त्या पेशी झडतात, ग्लायकोजेनचे तुकडे होतात आणि लॅक्टोबॅसिलस त्यांचं लॅक्टिक आम्ल करतात. याच आम्लामुळे पीएच ३.८ ते ४.५ राहतो आणि या आजारात माजणारे गार्डनरेलासारखे जिवाणू डोकं वर काढत नाहीत. आतून धुतलं की आम्ल, जिवाणू आणि त्यांचं खाद्य, तिन्ही एकदम वाहून जातं. मेट्रोनिडॅझोल गार्डनरेला आणि त्याच्या सोबतच्यांना मारतं, लॅक्टोबॅसिलसला फारसं लागत नाही. सात दिवसांनी जागा मोकळी होते, ती भरायला लॅक्टोबॅसिलसला वेळ हवा असतो. नेमक्या त्याच दिवसांत ती सर्वांत जास्त धूत होती. पेशींना चिकटून राहिलेला गार्डनरेलाचा थर मग पुन्हा पसरायचा.

तिने पर्समधून बाटली काढली. ‘पण यावर पीएच ३.५ लिहिलंय.’ हा छापील आकडा बायकांना फसवतो. बाटलीतलं आम्ल धुताना लागतं आणि पाण्याबरोबर जातं. तिथलं आम्ल जिवंत जिवाणूंनी रात्रंदिवस करत राहावं लागतं. बाटलीतला फेस आणि सुगंध त्यांच्या कामाचे नाहीत, आणि बाहेरच्या त्वचेला तर त्रासाचेच.

या वेळी औषधाच्या आधी बंद करायच्या गोष्टी लिहिल्या. आत काहीही नाही: पाणी नाही, बोट नाही, फवारा नाही. बाहेरून दिवसातून एकदा, फार तर दोनदा, साधं कोमट पाणी, हाताने, पुढून मागे. कापडाने घासायचं नाही, टिपायचं. सुती अंतर्वस्त्रं, बिनवासाच्या साबणाने धुऊन दोनदा खळबळलेली. रोजचे पँटीलायनर बंद. पाळीत पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, सुगंधी नको. चिरांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, फक्त बाहेर. ती आत गेली तर हाच आजार वाढू शकतो, आणि लेटेक्सचा कंडोम तिने कमजोर होतो. औषधात तोच सात दिवसांचा कोर्स, त्यानंतर ०.७५ टक्के मेट्रोनिडॅझोल जेल, ५ ग्रॅम, आठवड्यातून दोन रात्री, चार महिने. या औषधामागून कधी कधी बुरशी होते. खाज आणि दह्यासारखा घट्ट स्राव दिसला तर स्वतःहून काही न लावता मला दाखवायचं, हेही लिहिलं.

नवऱ्यालाही बोलावलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत एकच कायमचा पुरुष जोडीदार असलेल्या बायका होत्या. जोडीदाराला सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगाच्या त्वचेवर क्लिंडामायसिनचं मलम दिलं, तेव्हा १२ आठवड्यांत ३५ टक्के बायकांचा आजार उलटला. फक्त बायकोवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के. तो निमूट ऐकून उपचारांना तयार झाला. बरेच जण ‘आजार तिला आहे’ म्हणून दारातूनच परत जातात.

गोळ्या घेणं तिला जमलं. न धुणं जमेना. चौथ्या दिवशी फोन आला: ‘मला घाण वाटतंय, एकदाच धुऊ का?’ वास आहे का, असं विचारलं. नव्हता. ओलसर वाटत होतं, एवढंच. रोज एक ते चार मिलिलिटर स्राव निरोगी बाईलाही असतो. महिन्याच्या मध्याला तो निसरडा आणि ताणला जाणारा होतो, पुढे घट्ट होतो. मग घाबरत तिने विचारलं, काळ्या अंतर्वस्त्रांवर पूर्वी फिकट डाग पडायचे, ते काय होतं? कापडाचा रंग आम्लाने उडतो. ते डाग लॅक्टोबॅसिलस कामावर असल्याची खूण होते, आणि तिने त्यांनाच आजार समजून तेव्हा पहिल्यांदा मला गाठलं होतं. वास नंतर सुरू झाला, त्या छापील ओळीनंतर. पहिला कागद मी पुन्हा काढला. पीएचची नोंद नव्हती. त्या दिवशी मी काच बघितली नव्हती.

निदान चुकलं नव्हतं, असं मी सुरुवातीला लिहिलं. चारपैकी तीन वेळा चुकलं नव्हतं. पहिल्या वेळी बहुधा तिला काहीच झालं नव्हतं.

सहा आठवड्यांनी पीएच ४.२ आला. चिरा भरल्या होत्या. काचपट्टी लावून तिलाच भिंगातून बघायला सांगितलं. स्वच्छ कडांच्या मोठ्या पेशी आणि सगळीकडे लांब काड्या. तिने बराच वेळ डोळा काढला नाही. ‘हे मी धुऊन टाकत होते?’

आता कागदाच्या तळाशी छापलं आहे: ‘बाहेरून फक्त पाणी. आत काहीही नाही.’ आमच्या सिस्टरना ते फार उघड वाटतं, पण मी बदललेलं नाही. जुनी ओळ असलेले कागद अजून घराघरांतल्या फायलींत आहेत. नोंदवहीतून नावं काढून रोज दुपारी दोन-तीन फोन करते.