बंधारा आहे, बरगे कुठं आहेत?

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नाल्यावर केटी आहे, म्हणजे कोल्हापुरी बंधारा. काँक्रीट एकदम पक्कं, खांब सरळ, कुठं भेग नाही. पण दिवाळीच्या टायमाला तिथं जाऊन उभं राहिलं की नाला तसाच वाहून जाताना दिसतो, कारण खांबांमधल्या गाळ्यांमध्ये बरगे नाहीत. बरगे म्हणजे लोखंडी फळ्या, पाऊस संपत आला की ऑक्टोबरात एकावर एक बसवायच्या, फटीत रबर लावायचं आणि जूनच्या आत काढून ठेवायच्या. ते नसले की पाणी अडतच नाही.

मी दारव्ह्याला एका सीएकडे काम करतो, दिवसभर व्हाउचर, टॅली, जीएसटी. त्यामुळे ऑडिट शब्द माझ्या रोजच्या भाकरीचा. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माझ्या मोठेबाबांनी केटीचा विषय काढला तेव्हा सचिव म्हणाले की त्या कामाचं ऑडिट झालंय, एकही आक्षेप नाही. सगळे गप्प बसले. मीपण बसलो, कारण माझ्या डोक्यातपण तेच पक्कं होतं की आक्षेप नाही म्हणजे काम बरोबर. मोठेबाबा काही बसले नाहीत, ते म्हणाले, "ऑडिट झालं तं झालं जी, पण पाणी कुठी हाये मंग?"

हे वाक्य दोन-तीन दिवस डोक्यातून जाईना. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, नंतर पानामागं 2 रुपये, आणि महिन्याभरात कागद हातात आले. एस्टिमेट, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी, बिलं, काम पूर्ण झाल्याचा दाखला. रात्री बसून सगळं जुळवलं तर रुपयाचाही फरक निघाला नाही. रविवारी मोठेबाबा आणि गावातले एक म्हातारे गवंडी यांना घेऊन टेप लावून बंधारा मोजला, लांबी, खांबाची जाडी, गाळ्याची रुंदी, सगळं एमबीत लिहिल्यासारखंच. खरं सांगतो, मी चोरी शोधायला गेलो होतो आणि बांधकामात चोरी नव्हतीच.

रजिस्टरला बरगे 96. शाळेमागच्या खोलीत मोजले तर 31, त्यातले निम्मे वाकलेले, रबर एकालाही नाही. बाकीचे कुठं गेले ते कोणालाच सांगता येत नाही. पण मला त्याहून मोठी गोष्ट दिसली ती म्हणजे दरवर्षी हे बरगे कोणी बसवायचे, कोणी काढायचे, मजुरी कुठून द्यायची, याची एक ओळ अख्ख्या फाईलीत नाही. बांधायला पैसा होता, वापरायला ठेवलाच नव्हता. एस्टिमेटात लिहिलंय 22 हेक्टर भिजणार, आम्ही घरोघरी विचारलं तर चार जणांनी एका वर्षी हरभऱ्याला इंजिन लावून पाणी दिलं होतं, बस्स.

आता यात हिशोब चुकला का? नाही. पैसा वाया गेला का? गेला. हे दोन प्रश्न वेगळे आहेत हे मला इतकी वर्षं व्हाउचर पाहून कळलं नव्हतं.

कॅग म्हणजे सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक, त्यांच्याकडे दुसऱ्या प्रश्नासाठी वेगळं ऑडिट असतं, परफॉर्मन्स ऑडिट. त्यात तीन गोष्टी बघतात, काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता. साध्या भाषेत, वस्तू वाजवी भावात घेतली का, तेवढ्या पैशात जास्तीत जास्त काम झालं का, आणि ज्यासाठी केलं ते साधलं का. गावोगावी पाणी अडवायच्या जलयुक्त शिवार योजनेचा कॅग रिपोर्ट सप्टेंबर 2020 मध्ये विधिमंडळात आला, त्यात हेच होतं की 9,633.75 कोटी खर्च होऊनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम झाला नाही. त्यावर राजकारण भरपूर झालं, पण मला त्या रिपोर्टातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो मोठेबाबांचाच प्रश्न आहे.

आणि विदर्भात राहून गोसीखुर्दचं धरण विसरता येत नाही. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हातून भूमिपूजन, मूळ किंमत 372 कोटींची, पुढं ती वाढत वाढत 18 हजार कोटींच्या वर गेली. ज्या शेतकऱ्यानं तेव्हा पाण्याची वाट बघायला सुरुवात केली त्याचा नातू आता शेती करतोय. उशीर हापण खर्चच आहे, फक्त तो शेतकऱ्याच्या वहीत पडतो, सरकारच्या नाही.

पण कॅग काही आमच्या नाल्यावर येणार नाही, ते नमुन्यादाखल गावं निवडतात. स्थानिक निधीचं ऑडिट मुख्यतः दप्तर बघतं. उरलो आपण. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कलम 17 होतं, त्यात ग्रामसभेनं कामांचं सोशल ऑडिट करायचं असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि 2011 च्या नियमांप्रमाणे ते सहा महिन्यातून एकदा व्हायला पाहिजे होतं. आमची केटी रोजगार हमीतली नाही, म्हणून तिला ते लागू नाही असं सांगितलं गेलं. मला हे पटत नाही. काम कोणत्याही हेडखाली असू दे, दोन-तीन वर्षांनी गावानं तिथं जाऊन उभं राहायचं, एस्टिमेटात किती हेक्टर लिहिलं होतं आणि किती भिजलं ते मोठ्यानं वाचायचं, हा हक्क असलाच पाहिजे.

पुढच्या ऑक्टोबरात बरग्यांची वाट पाहिली नाही. खताच्या रिकाम्या चुंगड्या गोळा केल्या, रेती-माती भरली, पोरं, बाया, म्हातारे मिळून दोन दिवसांत सगळे गाळे बुजवले. पाणी खालून थोडं झिरपत राहिलं, पण थांबलं. मी खांबावर ऑइल पेंटनं फुटाफुटाच्या खुणा केल्या आणि दर रविवारी फोटो काढत गेलो. मोठेबाबांच्या हरभऱ्याला दोन पाणी झाले. काकू म्हणाली, "धुनं धुवाले आता हिरीवर लाईन लावा लागत नाही रे बाबू."

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ते फोटो तारखांसकट दाखवले, त्या दिवशी पाणी तिसऱ्या खुणेवर होतं. 65 बरगे, रबर आणि दरवर्षीची बसवायची-काढायची मजुरी गावाच्या विकास आराखड्यात घ्यावी असा ठराव मांडला, मोठेबाबांनी अनुमोदन दिलं आणि सचिवांनी तो लिहून घेतला. ठरावाची नक्कल माझ्याकडे आहे. बरगे अजून आलेले नाहीत, रविवारचे फोटो चालू आहेत.