भुलाबाईच्या डब्यात काय आहे?

गणपती विसर्जनाच्या रात्री आमच्या घरात रडारड ठरलेली. धाकटा चार वर्षांचा आहे. रिकामा पाट दिसला की त्याचे ओठ थरथरायला लागतात. "पुढच्या वर्षी येईल रे बाप्पा" असं सांगून काही उपयोग नसतो, कारण त्या वयाला पुढचं वर्ष म्हणजे काय ते कळतच नाही. २०२५ च्या अनंत चतुर्दशीला मी त्याला मांडीवर घेऊन सांगितलं, "उद्या त्याची आई येणार आहे. महिनाभर राहणार आहे."

आणि हे खरंच आहे. चतुर्दशीला गणपती गेला की दुसऱ्याच दिवशी भाद्रपदाची पौर्णिमा, आणि त्या दिवशी आमच्याकडे भुलाबाई बसते. जळगावकडे भुलाबाई, काही गावांत गुलाबाई. पलीकडे विदर्भातही ती आहेच. शंकराला भुलवायला पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं, तो भुलला म्हणून भुलोजी आणि ही भुलाबाई, अशी कथा. मूर्तीत दोघं शेजारी शेजारी बसलेले, आणि भुलाबाईच्या मांडीवर बाळ गणपती. थोरली सात वर्षांची. ती लगेच म्हणाली, "म्हणजे बाप्पा लहान होऊन परत येतो!" मला हे आजवर सुचलं नव्हतं. धाकटा रडायचा थांबला तो तिच्या या वाक्यानं.

भुलाबाई बसते ती कोजागिरीपर्यंत. त्या वर्षी ७ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, मोजून तीस संध्याकाळी. मधे पितृपक्ष येतो, नवरात्र येतं, दसरा येतो, पण भुलाबाईची गाणी कशासाठी थांबत नाहीत. लहान मुलं असलेल्या घराला याहून चांगला सण मला माहीत नाही. मोठे सण मुलांच्या डोक्यावरून जातात, सोवळं, मुहूर्त, पाहुणे, "हात लावू नको." भुलाबाई मात्र मुलांच्याच उंचीची. तिला भटजी लागत नाही. माती लागते, टिपऱ्या लागतात आणि झाकणाचा डबा लागतो.

आधीच्या वर्षी मी बाजारातून मूर्ती आणली होती. दिसायला झकपक, पण दोन दिवसांत तिचा गुलाबी रंग धाकट्याच्या तळव्यांना लागला आणि तळव्यांवरून तोंडात गेला. तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी घरीच करायची. पोळ्याला मुलांनी मातीचे बैल केले होते, त्याची माती उरली होती. फैजपूरला माझ्या माहेरच्या केळीच्या शेतातली काळीभोर माती, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. पोळा ते भाद्रपद पौर्णिमा हा बरोबर पंधरवड्याचा हिशेब आहे, तेवढे दिवस माती छान मऊ राहते.

गुरुवारी आम्ही तिघांनी मिळून वीतभर उंचीची भुलाबाई केली. थोरलीनं नाकसुद्धा चिमटीनं ओढून काढलं. पाऊस काही उघडत नव्हता, वाळणार कशी म्हणून मी तिला पंख्याखाली ठेवली. सकाळी बघितलं तर कमरेत आडवी भेग, आणि डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुसरी. थोरली काही बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली. ते मला रडण्यापेक्षा जास्त लागलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, "कापूस टाकला नाही का वं त्याच्यात? नुसती काळी माती फाटते. अन् मातीले घाई नको करू."

काळी माती फाटते. आपण सगळ्यांनी उन्हाळ्यात पाहिलेलं असतं, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आवळते. वरचा थर पंख्यानं आधी आवळला, आतली माती ओलीच राहिली, म्हणून ती तडकली. खान्देशच्या घरात काळी माती असते आणि कापूसही असतो, आणि ती दोघं एकमेकांसाठीच आहेत हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं.

मग विसर्जनाच्या रात्री, सगळे झोपायच्या वेळेला, आम्ही पुन्हा बसलो. तडकलेली मूर्ती भिजवून मळली. सासूबाईंनी वातींसाठी ठेवलेला सरकी काढलेला कापूस दिला. तो कसा घालायचा ते सविस्तर सांगते. कापसाचा पुंजका तसाच टाकला तर गाठ होते. त्याचे बारीक पदर सुटे करायचे, कोळिष्टकासारखे, आणि मातीच्या पोळीवर अंथरायचे. मग पोळी दुमडून मळायची, पुन्हा लाटायची, पुन्हा पदर. धाकट्याला हे काम फार आवडलं. तो कापूस हातात घेऊन फुंकर मारायचा, निम्मा उडायचा, निम्मा मातीवर बसायचा. आठ-दहा वेळा मळल्यावर गोळा तोडून बघितला. तुटलेल्या ठिकाणी पांढऱ्या तंतूंची मिशी दिसते. ती दिसली की माती तयार.

धड सुळक्यासारखं, त्यात खराट्याची काडी, काडीवर डोकं. जोडायच्या दोन्ही जागा काडीनं ओरखडायच्या आणि मधे पातळ चिखल लावायचा, नाहीतर वाळल्यावर हात गळून पडतो. वाळवायची सावलीत, वर ओलसर फडकं टाकून, सावकाश.

दुसऱ्या दिवशी रविवार आणि रात्री चंद्रग्रहण. दुपारीच वेध लागणार म्हणून सासूबाईंनी बजावलं की काय मांडायचं ते सकाळीच मांडा. तेव्हा आमची भुलाबाई ओलीच बसली. बिनरंगाची, काळी, डोळ्यांच्या जागी दोन टोचे. मला वाटलं मुलं हिरमुसतील. पण उलट झालं. ती रोज शाळेतून आल्यावर तिच्या गालाला बोट लावून बघायची, आज किती वाळली. आठवड्याभरात ती काळ्याची करडी झाली, मग आम्ही तिला नटवायला घेतलं.

रंग स्वयंपाकघरातले. काठाला गेरू, डोळ्यांना काजळ, अंगाला हळदीचं दाट पाणी. आणि लुगड्याला लाल. तो लाल करताना मी दोघांना जवळ बोलावलं. वाटीत पिवळीजर्द हळद कालवलेली, त्यात काडीच्या टोकावर घेतलेला खायचा चुना सोडला आणि ढवळलं. काडी फिरली तिथून लाल रेघ उमटत गेली, आणि दोन फेऱ्यांत अख्खी वाटी कुंकवासारखी झाली. धाकटा वाटीच्या खाली वाकून बघायला लागला, पिवळा रंग कुठं गेला म्हणून. चुना त्वचेला आणि डोळ्याला झोंबतो, तेव्हा तो मोठ्यांनीच हाताळायचा. मुलांच्या हाती फक्त तयार रंग आणि कापसाचा बोळा.

गाण्यांबद्दल एक सांगते. भुलाबाईची गाणी माझ्या आजीला पाठ होती, आईला निम्मी येतात, मला पाच-सहा. कॉलनीतल्या बायका जमल्या तेव्हा एकीला सुरुवात आठवायची, दुसरीला शेवट, असं करत वीसेक गाणी गोळा झाली. त्यात सासरचा जाच खूप आहे, माहेरची ओढ खूप आहे. तिसऱ्या दिवशी थोरलीनं गाणं मधेच थांबवून विचारलं, "आजी, सासू अशी का वागते?" माझ्या सासूबाई शेजारीच टिपऱ्या धरून बसलेल्या. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "माय, तेव्हा पोरी तुझ्याएवढ्या असताना सासरी जायच्या. कोणाला सांगता यायचं नाही, म्हणून गाण्यात सांगायच्या." थोरलीला ते पटलं. माझ्या मनातही बरंच काही झालं. गाणी बदलून गोड करावीत असं काही जणी म्हणतात, मला ते मान्य नाही. मुलांना विचारू द्यावं आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसानं उत्तर द्यावं.

एका मावशींचं म्हणणं पडलं की मुलग्यांनी भुलाबाई म्हणायची नसते, त्यांनी फक्त खाऊला यायचं. पूर्वी तसंच होतं, माझे भाऊ दारात उभे राहून खाऊची वाट बघायचे. पण धाकट्याला मी हाताला धरून आत बसवलं. त्याला दोन लहान टिपऱ्या दिल्या, त्यांना रंगीत लोकर गुंडाळलेली आणि टोकाला एकेक घुंगरू. ताल चुकतो, पण त्याचे डोळे पूर्ण वेळ आजीच्या हातांवर असतात.

आणि आता खाऊ. सगळा जीव इथे आहे.

गाणी संपली की आतून झाकलेला डबा येतो. तो उघडायचा नाही, ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवायचा, ऐकायचं, विचारायचं: गोड की तिखट? तळलेला की भाजलेला? लाडू आहे का? ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. दुकानातून पुडा आणून डब्यात ओतला तर मुलांना लगेच कळतं, आणि मजा अर्धी होते. खाऊ घरात, मुलं शाळेत असताना, गुपचूप झाला पाहिजे.

महिनाभर मी आवाज ऐकत होते असं म्हटलं तरी चालेल. फुटाणे टणटण वाजतात, शेंगदाणे जरा बोदे. केळीचे वेफर्स सळसळतात, ते जळगावच्या पोरांना एका हलवणीत ओळखू येतात. राजगिऱ्याचा लाडू घरंगळतो आणि भिंतीला आपटून थांबतो. ज्वारीच्या लाह्यांचा आवाज पावसासारखा हलका. तळलेल्या बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, तुकडे खडखडतात. शिऱ्याला आवाजच नाही. डबा जड आणि गप्प, त्या दिवशी मुलं वीस मिनिटं अडली होती. शेवटी धाकट्यानं डब्याच्या बुडाला हात लावला आणि ओरडला, "गरम आहे!"

सगळ्यात जास्त वेळा गुलगुले झाले. आमच्याकडे केळी घडानं येतात, शेवटची चार-पाच काळी पडून राहतात, ती यात घालते. दोन वाट्या कणीक, एक वाटी गूळ पाऊण वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळलेला, एक चांगलं पिकलेलं केळं कुस्करून, बडीशेप, वेलची, चिमूटभर मीठ. पीठ चमच्यातून जड पडेल असं हवं. अर्धा तास झाकून ठेवायचं आणि मंद ते मध्यम आचेवर तळायचं. गुळामुळे बाहेरून पटकन रंग येतो आणि आत कच्चं राहतं, म्हणून घाई नको. पण गुलगुल्यांचं गुपित टिकत नाही. केळ्याचा वास झाकणातून येतो.

छोट्या पोरांच्या आयांसाठी एक गोष्ट काळजीनं लिहिते. चार वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे फुटाणे, शेंगदाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. माझ्याकडे जमणाऱ्यांत दोघं अडीच-तीन वर्षांची होती, त्यांच्यासाठी त्या दिवशी शेंगदाण्याचं कूट आणि गूळ यांचे मऊ लाडू वेगळे ठेवायचे. डबा मात्र त्यांनाही हलवायला द्यायचा. तो आवाज सगळ्यांचा.

कोजागिरीला ज्वारीचे पाच धांडे, कणसांसकट, माझ्या भावानं शेतातून आणून दिले. त्यांचा मांडव करून शेंडे वर बांधले आणि भुलाबाई त्याखाली बसवली. गच्चीवर दूध आटत होतं. त्या दिवशी प्रत्येक घरातून डबा येतो, खाऊचे ढीग होतात, आणि ओळखण्याचा खेळ तासभर चालतो. सगळ्यांचे झाल्यावर थोरलीनं स्वतःचा डबा काढला. "आई, आज तू ओळख."

मी हलवला. काहीच नाही. जड नाही, गरम नाही, वास नाही. शिरा? नाही. लाह्या? नाही. मुलं मला घेरून उभी, धाकट्याला माहीत होतं आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं. मी हरले. झाकण काढलं तर आत कापूस, आणि कापसाच्या मधोमध एकच पेढा. आवाज होऊ नये म्हणून तिनं तो आजीच्या वातींच्या कापसात गुंडाळला होता.

रात्री उशिरा बादलीत पाणी घेऊन आम्ही भुलाबाई सोडली. कच्ची, पूर्ण वाळलेली माती पाण्यात टाकली की तिच्यातून बुडबुडे येतात, बारीक, एकामागून एक, आणि ती कडेनं सुटत जाते. धाकटा बादलीवर ओणवा झाला आणि हळूच म्हणाला, "श्वास घेते." आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, ते बुडबुडे थांबेपर्यंत. लाल लुगडं पाण्यात पसरलं, मग मांडी गेली, मग बाळ गणपती. नाक सर्वांत शेवटी.

सकाळी निवळ पाणी जास्वंदीच्या मुळाशी घातलं. तळाची माती दोघांनी मिळून निथळून घेतली, अजून कापसाचे तंतू होते तिच्यात. तो गोळा गोणपाटात बांधून मोरीच्या कोपऱ्यात ठेवला आहे. धाकटा अधूनमधून त्यावर पाणी शिंपडून येतो.