बंद झालेला बॉल

बोलिंग बॉल (क्रिकेटचा नव्हे, लेनवर घरंगळत टाकून पिना पाडायचा जड बॉल) बनवणाऱ्या कंपन्यांना जुन्या मालाची माया नसते. आज पेटीतून निघालेला महागडा रिॲक्टिव्ह बॉल वर्ष-दीड वर्षात कॅटलॉगमधून गायब होतो आणि त्याच्या जागी नवा रंग, नवं नाव आणि 'आता आणखी जास्त हूक', म्हणजे लेनवर जास्त वळण, अशी जुनीच जाहिरात येते. स्टॉर्म कंपनीचा हाय-रोड हा बॉल दशकाहून जास्त टिकला, पण तो अपवाद. त्यामुळे अमेरिकेत लीग खेळणाऱ्या प्रत्येकाला, मग तो तीन पिढ्यांचा बोलर असो की ऑफिसच्या आग्रहाने गेलेला आणि तिथेच रमलेला न्यू जर्सीतला मराठी माणूस, कधी ना कधी प्रो शॉपच्या, म्हणजे बॉल विकणाऱ्या आणि ड्रिल करून देणाऱ्या दुकानाच्या, काउंटरवर हाच प्रश्न विचारावा लागतो: अगदी असाच दुसरा मिळेल का?

मॉलमधल्या लेनवर रॅकवरचा रंगीत बॉल उचलून टाकणाऱ्याला या प्रश्नातली कळ समजणार नाही. तो बॉल प्लास्टिकचा, पॉलिएस्टरचा. तो सरळ जातो आणि त्याला कुणाची ओळख नसते. लीगवाल्याचा बॉल त्याच्या बोटांच्या मापाने ड्रिल केलेला असतो, आणि ६० फुटांच्या लेनवर कुठे वळायचं हे त्याच्या बाहेरच्या कव्हरवर, आतल्या कोअरवर म्हणजे गाभ्यावर, आणि छिद्रं कुठे पाडली यावर ठरतं.

आता गोम अशी, की तोच बॉल, त्याच नावाचा, सीलबंद पेटीत कुठे सापडला तरी तो 'तोच' निघत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या रिॲक्टिव्ह रेझिनच्या कव्हरला सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती लेनवर मुद्दाम लावलेलं तेल पितात. पन्नास-साठ गेमनंतर हूक मंदावतो, पृष्ठभाग घासून गुळगुळीत होतो. ही उतरण इतकी हळूहळू होते की खेळणारा नकळत आपला नेम, वेग, उभं राहण्याची जागा तिच्याशी जुळवत जातो. म्हणजे ज्याच्यावर जीव जडला तो दोनशे गेम खेळून थोडा दमलेला बॉल असतो. पेटीतला त्याचा जुळा भाऊ ताजातवाना, लवकर पकडणारा, लवकर वळणारा. लेनवर आखलेल्या दुसऱ्या बाणावरून टाकला की पॉकेटऐवजी, म्हणजे पहिल्या पिनच्या बाजूच्या फटीऐवजी, थेट त्या पहिल्या पिनच्या, हेडपिनच्या, नाकावर.

म्हणून शोध दुकानात सुरू करू नये, जुन्या बॉलपासून करावा. आधी त्याचा पृष्ठभाग तपासून घ्यावा. पेटीवर 'दीड हजार ग्रिट पॉलिश' (ग्रिट म्हणजे घासणीचा बारीकपणा, आकडा मोठा तितकी बारीक) छापलेलं असलं तरी आजची अवस्था वेगळीच असते. कोअरची कितीही चर्चा होवो, बॉलच्या चालीवर सगळ्यात मोठा हात पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा असतो, हे तिथे खेळाचे नियम ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या अभ्यासातही दिसलं होतं. मग ताज्या तेलावर चार-पाच वेळा टाकून बॉलवर उमटणारी तेलाची वलयं पाहावीत. ती एकमेकांपासून किती इंच पसरतात यावरून फ्लेअर, म्हणजे फिरताना बॉलचा अक्ष किती सरकतो ते, कळतो, आणि त्याच वलयांवरून चांगला ड्रिलर तुमच्या फिरकीच्या अक्षाचा बिंदू काढतो. बॉलवरच्या रंगीत ठिपक्यापासून, म्हणजे पिनपासून, या बिंदूपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं. साडेतीन इंचाच्या आसपास फ्लेअर सर्वाधिक. पाच इंचांवर बॉल बराच शांत होतो. नवा बॉल कितीही जवळचा मिळाला आणि हे अंतर चुकलं, तर पैसे पाण्यात.

एक अडचण जुन्या बॉलमध्येच दडलेली असते. पूर्वी बोटांच्या छिद्रांशिवाय एक जास्तीचं वजनाचं छिद्र पाडायची पद्धत होती. त्याने फ्लेअर वाढवता किंवा कमी करता येई. १ ऑगस्ट २०२० पासून प्रमाणित स्पर्धांत ते बाद झालं. प्रत्येक छिद्र पकडीसाठी वापरलंच पाहिजे. तेव्हा आवडत्या बॉलची मस्ती त्या चौथ्या छिद्रात असेल, तर नव्यात ती कोअरमधूनच आणावी लागते.

इथे आकड्यांकडे वळावं. प्रत्येक बॉलला आरजी (वजन केंद्रापासून किती लांब पसरलंय याचं माप) आणि डिफरन्शियल (सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आरजीतला फरक) असे दोन आकडे असतात. आरजी कमी तितका बॉल लवकर फिरू लागतो. डिफरन्शियल जास्त तितका फ्लेअर जास्त, आणि त्याची कमाल मर्यादा ०.०६० आहे. नावाला मात्र भुलू नये, कारण नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा हा प्रकार या धंद्यात फार. एकाच नावाच्या मालिकेत तीन वेगळे कोअर असू शकतात, आणि एकच कोअर वेगवेगळ्या नावांखाली वर्षानुवर्षं फिरतो. हॅमर या ब्रँडच्या ब्लॅक विडो बॉलमधला गॅस मास्क कोअर, १५ पौंडात आरजी २.५० आणि डिफरन्शियल ०.०५८, कितीतरी कव्हरांखाली येऊन गेला. म्हणून आधी कोअर शोधा, मग कव्हर, रंग सगळ्यात शेवटी. तरीही थोडा फरक गृहीत धरा: २०१९च्या नोव्हेंबरात ब्रन्सविक कंपनीने एबोनाइट कंपनीचे ब्रँड घेतले, हॅमरही त्यात आला, आणि केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलचा एबोनाइटचा कारखाना बंद झाला, म्हणजे त्याच नावाचा नवा बॉल आता दुसरीकडे बनतो. आणि हो, जाहिरातीतले आकडे बहुधा १५ पौंडांचे असतात. १४ पौंडात ते हलतात, १२ पौंडात तर कोअरच वेगळा असू शकतो.

जुना शिल्लक माल घ्यायचाच असेल तर विक्रेत्याकडून पिन आणि गुरुत्वमध्य यांच्यातलं अंतर विचारून घ्यावं, प्रत्यक्ष वजनही. तडा आहे का हे भिंग घेऊन पाहावं, कारण गरम गॅरेजमध्ये पडलेला न वापरलेला बॉलही फुटतो. शिवाय मान्यताप्राप्त बॉलच्या यादीत त्याचं नाव आजही आहे का, हेही तपासावं. २०१६ साली मोटिव्ह कंपनीच्या जॅकल आणि जॅकल कार्नेज या बॉलची मान्यता डिफरन्शियल मर्यादेबाहेर गेल्यामुळे काढून घेतली होती. असा बॉल स्वस्तात मिळतो, लीगमध्ये चालत नाही.

ड्रिलिंगच्या वेळी जुना बॉल काउंटरवर ठेवावाच. 'हाताला बसलेला' असं जे आपण म्हणतो, त्यातलं निम्मं अंगठ्याच्या छिद्रात असतं. त्याची कड वर्षानुवर्षं घासून गोल झालेली, आत पांढऱ्या टेपचे दोन-तीन थर, त्यातला एक कधीचा हे मालकालाही आठवत नाही. नव्या स्लगची, म्हणजे अंगठ्याच्या छिद्रात बसवायच्या नळकांड्याची, कड धारदार असते. ती तशीच ठेवली की अंगठा क्षणभर अडकतो आणि बॉल धपकन खाली पडतो. दोष मात्र कव्हरला दिला जातो. अंगठ्याचा भाग काढता-बसवता येणाऱ्या पद्धतीचा असेल तर जुनाच उचलून नव्यात लावावा.

नवा बॉल पहिले दहा-बारा गेम जास्तच उत्साहात असतो. तेवढ्यात निकाल देऊ नये. फारच लवकर वळत असेल तर घासायच्या पॅडने शांत करावा: ५०० ग्रिटचा पाया, मग १०००, मग २०००, शेवटी ४०००. पॅड ओला, चार बाजू, प्रत्येक बाजूला सारखा वेळ आणि सारखा दाब. पाया गाळून थेट ४००० मारलं तर वरवर चकाकी येते, चाल बदलत नाही. हे काम घरी किंवा दुकानात उरकावं. प्रमाणित सामना सुरू झाल्यावर पॅड लावायची परवानगी नाही.

जुन्याला मोडीत काढायचं कारण नाही. छिद्रं टेपने बंद करून, साधारण ५५ अंशांच्या पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून वीस मिनिटं बुडवला की पाण्यावर तेलाचा तवंग येतो आणि तो थोडाफार जिवंत होतो. डिशवॉशर आणि ओव्हनचा मोह टाळावा. तिसऱ्या गेमला लेनवरचं तेल उडून नवा बॉल वेड्यासारखा वळू लागतो, तेव्हा हा दमलेलाच कामाला येतो. फक्त स्पेअरसाठीचा, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना पाडायचा, प्लास्टिकचा धरून बॅगेत आता तीन बॉल होतात. १५ पौंडांचे तीन म्हणजे वीस किलोंच्या वर, तेव्हा बॅग चाकांचीच घ्यावी.