पंधरा डिसेंबर म्हणजे पंधरा डिसेंबर

ऑफिसातल्या एका बाईंना सहज विचारलं, यंदा बोरोइची कधी आहे हो? त्या बघतच राहिल्या. पंधरा-सोळा डिसेंबर आणि परत पंधरा-सोळा जानेवारी. दर वर्षी. वार कुठलाही असो. हे काय विचारणं झालं, असा चेहरा.

तोक्योच्या सेतागाया भागातला हा रस्त्यावरचा बाजार. 1578 साली ओदावाराच्या होजो उजिमासा या सरदारानं इथे मुक्त बाजार भरवायची मुभा दिली, तेव्हापासूनचा. आपल्या सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला 1664 मध्ये, त्यावरून काय ते समजा. दोन डब्यांच्या ट्रामनं कामिमाचीला उतरलं की गर्दी सुरू. सातशेच्या आसपास दुकानं. जुने किमोनो, चिनीमातीची भांडी, रोपं, देव्हारे, लाकडी उखळं. मधोमध गवती छपराचा दायकानचा वाडा. हा दायकान सारा वसूल करायचा, तंटे सोडवायचा. आपल्याकडचा खोतच म्हणा. वाडा मात्र अजून ठणठणीत आहे, आमच्या वाडीतल्या खोताच्या घरावर आता पिंपळ उगवलाय.

दायकानमोचीसाठी रांग लावली. चिकट तांदूळ वाफवून तिथेच कुटतात आणि गोळे भाजक्या सोयाबीनच्या पिठात घोळवून देतात. रांगेच्या शेवटी एक माणूस उभा, हातात फलक: रांगेचं टोक इथे. नवीन कोणी आलं की तो फलकासकट मागे सरकायचा. एवढंच त्याचं काम, आणि ते तो इतक्या गंभीरपणे करत होता की मलाच ताठ उभं राहावंसं वाटलं. "भाऊ पुढे उभा आहे" म्हणून घुसणारा एकही नाही. कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थंडीनं बोटं आखडलेली, वाफ नाकाशी येतेय आणि रांग काही हलत नाही. कणकवली स्टेशनात खांद्यानं वाट काढत वाढलेला माणूस मी, किती वेळ सभ्य राहणार?

तेवढ्यात गावाहून काकीचा फोन. "आंगणेवाडीची तारीख ठरली. येतलस मां?"

आता ही गंमत ऑफिसातल्यांना कशी सांगायची? आमच्या आंगणेवाडीच्या जत्रेला ना ठरलेली तिथी, ना तारीख. भराडीदेवीला कौल लावायचा, ती देईल तो दिवस. मग मुंबईत चाकरमान्यांची धावाधाव, जादा गाड्या, त्यांचंही बुकिंग बघता बघता फुल्ल. तरी लाखांनी माणसं येतात, ओट्या भरतात, खाजं बांधून घेतात. हे सगळं त्या बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा एकच प्रश्न: "मग रस्ता बंद करायची परवानगी केव्हा मागता?"

राग आला. अहो, तुमचा बाजारसुद्धा आधी चांद्र पंचांगावरच चालायचा की! 1873 मध्ये सरकारनं पंचांग बदललं, जानेवारीतला बाजार त्यानंतरचा. तुमची तारीख सरकारी कॅलेंडरातली, आमची देवीनं दिलेली. यात आमचं मागासलेपण कुठलं? अर्थात हे मनातल्या मनात. तोंडानं मी "बघतात ते पोलीस" एवढंच म्हणालो.

आता काहीजण म्हणतील, गोव्यात मोपाला विमानतळ झाला, तिथून घर किती लांब, यायला काय होतं? तिकडून बोलायला सोपं आहे. इथे आर्थिक वर्ष मार्चअखेरीला संपतं, फेब्रुवारीत रजा मागितली की साहेब नुसता श्वास आत ओढतो, नाही म्हणतही नाही. विमानाची तिकिटं आयत्या वेळी काढायची तर दुप्पट पैसे. सहा महिने आधी तारीख कळली असती तर मी कधीच येऊन गेलो असतो.

काकीला म्हटलं, पुढच्या वर्षी देवीला जरा लवकर कौल द्यायला सांग.

"ता तूच येवन सांग," म्हणाली नि फोन ठेवला.