कोर्लिओनकरांच्या गावी

समुद्रकाठ सोडला की सिसिलीतल्या फोर्झा द'आग्रो या गावाचा रस्ता अशी वळणं घेतो की आंबेनळीची आठवण यावी. 400 मीटर चढून बसनं आम्हाला चौकात सोडलं. बायकोनं आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "अरे, गाढव कुठंय?"

गाढवासाठीच आलो होतो. 'गॉडफादर' सिनेमाच्या दुसऱ्या भागाची पारायणं मी होस्टेलवर केली, तीन व्हीसीडींवर. तिसरी खरचटलेली होती. त्यामुळे तळ्यातल्या होडीत मायकेलच्या भावाचं, फ्रेडोचं काय होतं, ते कित्येक वर्षं मला ऐकूनच माहीत होतं. पहिली मात्र पाठ. 1901 सालचं सिसिली. गावचा माफिया म्होरक्या डॉन चिचोनं, पुढे स्वतः डॉन होणाऱ्या लहानग्या व्हिटोच्या वडिलांना आणि थोरल्या भावाला मारलेलं. पोराचा जीव मागायला गेलेली आई डोळ्यांदेखत गोळी खाऊन पडते आणि पोरगं पळत सुटतं. चिचोची माणसं गल्लीगल्लीतून दम देत फिरतात, की व्हिटोला लपवाल तर याद राखा. आणि गाववाले त्याला गाढवावरच्या टोपलीत दडवून त्यांच्याच नाकासमोरून बाहेर काढतात.

तो प्रसंग इथल्या थोरल्या चर्चसमोर चित्रित झाला. दर्शनी बाजू उन्हात भाजलेल्या पावासारखी, पायऱ्यांवर एक मांजर. बाकी शुकशुकाट. मी पायरीवर बसून गाढव कुठून कुठे गेलं असेल त्याचा हिशेब मांडत होतो. बायको लिंबाच्या ग्रानितात, म्हणजे बर्फाळ सरबतात, ब्रिओश नावाचा गोडसर पाव बुडवून खात होती. तिचा वेळ जास्त सार्थकी लागला.

पुढे पोरगं अमेरिकेला पोचतं. (स्थलांतरितांची नोंद व्हायची ते सिनेमातलं एलिस बेट म्हणजे इटलीतल्याच त्रिएस्ते शहराचा जुना मासळीबाजार.) तिथला कारकून व्हिटो आंदोलिनीच्या नावापुढे त्याचं गावच लिहून टाकतो: व्हिटो कोर्लिओन. आपल्याकडच्या हिशेबानं कोर्लिओनकर! माझ्याही आडनावात 'कर' आहे. गाव आजोबांनीच सोडलं, मी ते दोनदा पाहिलंय.

पण फोर्झा द'आग्रो हे कोर्लिओन नव्हेच. खरं गाव तोवर फार बदललं होतं, म्हणून कॅमेरे बेटाच्या या पूर्व कडेला आले. खरं कोर्लिओन तिथून अडीचशेहून जास्त किलोमीटरवर, पालेर्मोच्या दक्षिणेला. तिसऱ्या दिवशी तिकडे गेलो.

गाव साधंच. कड्याखाली दाटीनं बसलेली घरं, बाकांवर म्हातारे. दुकानात डॉनचं चित्र असलेल्या दारूच्या बाटल्या होत्या. मी एक उचलली आणि बायकोच्या चेहऱ्याकडे बघून परत ठेवली. टोटो रिना आणि बर्नार्दो प्रोव्हेंझानो हे खरेखुरे माफिया म्होरके इथलेच. प्रोव्हेंझानो 43 वर्षं फरार राहून 2006 साली सापडला, तोही गावालगतच.

माफियाविरोधी संग्रहालयात एका खोलीत माफियावर पालेर्मोत चाललेल्या महाखटल्याच्या फायलींचे गठ्ठे आहेत, आपल्या तहसील कचेरीत असतात तसे फडताळभर. लेतित्सिया बात्ताल्या या छायाचित्रकार बाईंचे कृष्णधवल फोटो आहेत. रस्त्यावर पडलेली माणसं, दाराशी बायका. सिनेमातल्या पिवळसर सोनेरी उजेडाचा इथे मागमूस नाही.

प्लासिदो रित्सोत्तोची गोष्ट मला तिथे समजली. हा शेतमजुरांचा पुढारी. पडीक जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणून झगडायचा. मार्च 1948 मध्ये त्याला पळवून मारलं. त्याची हाडं ओळखू यायला 2012 उजाडलं.

तो खून एका मेंढपाळ पोरानं पाहिला होता. जुझेप्पे लेतित्सिया, वय वर्षं तेरा. भीतीनं तापलेलं, बरळणारं पोर बापानं दवाखान्यात नेलं. दवाखान्याचा प्रमुख डॉक्टर मिकेले नाव्हारा. गावाचा माफिया म्होरक्याही तोच. इंजेक्शन दिलं आणि पोर गेलं.

मी तिथेच घुटमळलो. इतकी वर्षं या सिनेमातल्या निष्ठेबद्दल बोलताना आम्ही मित्र व्हिटोचा मुलगा मायकेल, त्याचा वकील टॉम हेगन, साथीदार पेंटांजेली यांच्यावरच घसा कोरडा करायचो. त्या टोपलीवर घोंगडी ओढणाऱ्या माणसांची नावंही कधी कुणी विचारली नाहीत. त्यांना बदल्यात काय मिळणार होतं? चिचोची गोळी.

पालेर्मोला परतताना बसमध्ये आम्ही फारसं बोललो नाही. रात्री हॉटेलवर मी लॅपटॉप उघडला. तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा, सकाळी विमान.

"सगळा नको," बायको म्हणाली. "टोपलीपर्यंत लाव."