‘गेन’ कपाटात कुलूपबंद करावा का?

जपानी शाळांच्या ग्रंथालयांत मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, फारशा ठेवत नाहीत. पण ‘हादाशी नो गेन’, म्हणजे ‘अनवाणी गेन’, ही अणुबॉम्बमधून वाचलेल्या गेन नावाच्या मुलाची चित्रकथा, कित्येक शाळांत असते. इथे हिरोशिमात तर त्याच्याविषयी ऐकलं नाही असं मूल सापडणं कठीण.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, तेव्हा ‘गेन’चे चित्रकार-लेखक केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीच्या आडोशाला होते म्हणून वाचले. वडील, थोरली बहीण आणि धाकटा भाऊ मात्र गेले. १९६६ मध्ये आई वारली. दहनानंतर तिच्या धड अस्थीसुद्धा हाती लागल्या नाहीत, आणि त्या संतापातून हा माणूस अणुबॉम्बवर चित्रं काढू लागला. ‘गेन’ १९७३ मध्ये सुरू झाला, तोही मुलांच्याच साप्ताहिकात.

पुस्तकात कोसळलेल्या घराखाली गेनचे बाबा, बहीण आणि धाकटा भाऊ अडकलेले असतात. बाबा गेनला सांगतात, आईला घेऊन पळ. आग जवळ येते आणि तो पळतो. पुढे हातांची कातडी लोंबत चाललेली माणसं दिसतात.

माझी लेक हे पुस्तक घरी घेऊन आली, तेव्हा ती तिसरीत होती. त्या पानाशी थांबून म्हणाली, ‘‘आई, त्यानं भावाला ओढून का नाही काढलं?’’ मी गॅस बंद केला, शेजारी बसले, चित्रातल्या तुळया दाखवल्या. ‘‘बघ, त्याची आईपण ओढतेय. हलतायत का?’’ तिनं पुस्तक मिटलं. बऱ्याच दिवसांनी आपणहून उघडलं. मला हे फार मोलाचं वाटतं. झेपलं नाही तर पुस्तक मिटता येतं, आणि ते कधी मिटायचं हे मुलांना आपल्याहून बरं कळतं.

मोठ्यांना मात्र धीर नसतो. २०१२ मध्ये मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळानं शाळांना हे खंड बंद कपाटात ठेवायला सांगितलं. खटकली होती ती युद्धात जपानी सैनिकांनी चीनमध्ये केलेल्या अत्याचारांची चित्रं. देशभर ओरड झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये बंधन उठलं. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानं शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ‘गेन’ काढला.  त्या पाठात उपाशी आईसाठी गेन दुसऱ्याच्या तळ्यातला मासा चोरतो, घराखाली अडकलेले बाबा त्याला पळायला सांगतात, असे प्रसंग होते. समजावून सांगायला वर्गात वेळ पुरत नाही, असं कारण दिलं. मला हे अजिबात पटलं नाही. वेळ पुरत नसेल तर तास वाढवा.

‘‘एवढ्याशा पोरीला हे कशाला?’’ सासूबाई फोनवर म्हणाल्या. त्यांनीच तिला ‘श्यामची आई’ वाचून दाखवलं होतं, शेवटच्या आजारपणासकट, आणि दोघी मिळून रडल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तेव्हा तिच्याजवळ बसला होतात ना, तशीच मीही बसते.

आता तिचे निम्मे खंड झालेत. सैनिकांची ती पानं शेवटाकडे आहेत. ती तिथवर पोचायच्या आधी मी वाचून ठेवणार आहे, कारण चीनमध्ये काय झालं हे ती विचारणारच.