आढ्याची काजळी

इंग्लंडमधल्या न्यूआर्कला पोचले तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते आणि पबच्या मागच्या अंगणात कॉम्प्रेसर आधीच येऊन पडला होता. नऊ वाजता पोटमाळ्यावर सँडब्लास्टिंग सुरू व्हायचं होतं. वर पाहुण्यांच्या खोल्या काढायच्या आणि छताचं काळवंडलेलं ओक वाळूचा मारा करून सोनेरी करायचं, असा नव्या मालकांचा बेत. मला बोलावलं होतं ते फक्त पुढच्या भिंतीतली ओल बघायला.

जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. ऑफिस नॉटिंगहॅमला. किल्ल्या द्यायला ज्या बाई आल्या, त्यांनी हा पब एकतीस वर्षं चालवला होता. गुडघे दुखतात म्हणून त्या बारजवळच्या खुर्चीत बसून राहिल्या. "सावकाश बघ, मी डक," म्हणाल्या. म्हणजे 'me duck', 'माझं बदक'. इकडे अनोळखी माणसालाही मायेनं असंच म्हणतात. दारावर पाटी होती, सोनेरी अक्षरांत १६५२.

ओलीचं कारण अर्ध्या तासात सापडलं. बाहेरून दिसणाऱ्या विटा अठराव्या शतकातल्या, त्या काळच्या फॅशनप्रमाणे लाकडी सांगाड्यापुढे उभारलेल्या. आतल्या अंगाला कधीतरी कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला. चुना असता तर भिंतीतलं पाणी आपोआप बाहेर पडलं असतं. सिमेंटनं ते कोंडून ठेवलं आणि खांबाचा बुंधा कुजला. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. त्याच भिंतीत बुजवलेल्या मोठ्या कमानीची रेघही दिसत होती. कधीकाळी घोडागाड्या आत घ्यायची वाट.

आपल्याकडे पब म्हटलं की पुण्या-मुंबईतला गोंगाट डोळ्यांपुढे येतो. इथला 'इन' म्हणजे खरं तर सराई. माणसाला जेवण आणि बिछाना, घोड्याला तबेला. न्यूआर्क लंडनहून यॉर्क, एडिंबरोकडे जाणाऱ्या ग्रेट नॉर्थ रोडवर. लंडन-ब्रिस्टल टपालगाडी १७८४ मध्ये सुरू झाली, त्यानंतर दोन वर्षांत या रस्त्यावरही टपालगाड्या धावू लागल्या. दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायचे, त्यामुळे गावोगावच्या सरायांची भरभराट झाली. १८५२ मध्ये इथून रेल्वेची मुख्य लाइन गेली आणि कमानींचं काम संपलं. बऱ्याच बुजवल्या गेल्या.

खांब खाली खचला असेल तर वरचे सांधे उघडले असणार. ते बघायला शिडी लावून पोटमाळ्यावर गेले. टॉर्च वर केला आणि तशीच थांबले.

वासे काळे होते. जुनं ओक करडं-तपकिरी पडतं, तसे नव्हते. चकचकीत, डांबर फासल्यासारखे काळे. हात लावण्याआधीच ओळखलं. आमच्या कोकणातल्या घरी चुलीवरच्या वाशांना अशीच काजळी धरलेली असायची. आजी म्हणायची, धुरानं लाकडाला कीड लागत नाही.

पण या काजळीच्या खाली चूल नव्हती. खाली दोन मजले होते आणि विटांची चिमणी एका कडेला. चिमणीच्या विटांवर माळ्यावर काळं अजिबात नाही. म्हणजे धूर झाला तो चिमणी आणि मजले येण्याआधी. त्या काळी इथे एकच मोठं दालन असणार, जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडं, मधोमध जमिनीवर पेटलेली आग, आणि धूर छपरातल्या फटींतून वाट काढणारा. साध्या घरांत चिमण्या आल्या त्या बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकात. पाटीवरच्या १६५२ पेक्षा हे छप्पर बरंच जुनं असणार.

पुढे सरकले तर कुडाची भिंत. होय, कूडच. ओकच्या कामट्या विणून त्यावर माती, गवत आणि शेण लिंपलेलं, जसं आपल्याकडे कारवीवर लिंपतात. दालनाकडची बाजू काळी, पलीकडची स्वच्छ. धूर कुठपर्यंत पोचत होता, घर कुठे विभागलेलं होतं, सगळं त्या एका भिंतीवर उमटलेलं. मातीत एका जागी बोटांचे चार ओरखडे होते. लिंपणाऱ्याचे. मी माझी बोटं त्यावर धरून पाहिली, टेकवली नाहीत.

खाली कॉम्प्रेसर सुरू झाल्याचा आवाज आला.

शिडी कशी उतरले आठवत नाही. कंत्राटदार तसा भला माणूस, त्याला सांगितलेलं काम तो करत होता. त्याला वर नेलं आणि वासा दाखवला. वाळूच्या माऱ्यानं काजळी जाईल, सुताराच्या हत्यारांच्या खुणा जातील आणि उरेल ते पोखरलेलं लाकूड. शिवाय ही इमारत संरक्षित यादीत आहे. परवानगीशिवाय तिचं मूळ रूप बदलणं १९९० च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यानं मशीन बंद केलं. मग मालकांना फोन. त्यांचा वैताग मला समजतो, खोल्या लांबणार, खर्च वाढणार. पण या बाबतीत मला तडजोड करता येत नाही. विटा पुन्हा बांधता येतात, शेकडो वर्षांचा धूर पुन्हा धरता येत नाही.

तिथे तेव्हा दारू विकली जात होती का, हे काजळी सांगत नाही. त्यासाठी कागद लागतात. परवान्यांचा कायदाच १५५२ चा. पाट्यांचं तर विचारू नका. नॉटिंगहॅमच्या एका प्रसिद्ध पबच्या भिंतीवर ११८९ रंगवलंय, इमारत मात्र सतराव्या शतकातली. त्याच शहरातल्या 'बेल' आणि 'सॅल्युटेशन' या दोन पबांचं लाकूड झाडाच्या वर्तुळांवरून तपासलं, ते पंधराव्या शतकातलं निघालं. इथलंही तसंच तपासायचं असं दुपारपर्यंत ठरलं. पेन्सिलीएवढे नमुने ड्रिलनं काढायचे आणि वर्तुळं मोजायची.

निघताना बाईंना मोबाइलवर फोटो दाखवले. आग कुठे असेल ते विचारलं त्यांनी. मी फरशीवरची जागा दाखवली, साधारण डार्ट्सच्या फळ्यासमोरची. त्या उठल्या, हळूहळू चालत तिथे गेल्या, वर छताकडे बघत राहिल्या.

"आणि मी एकतीस वर्षं कुरकुरत होते," त्या म्हणाल्या, "की इथली चिमणी धूर नीट ओढत नाही."